घेणारा पुण्यात, चालवणारा उतारावर

गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "मुळशीत (एकाची वेल्ह्यात, एकाची भोरकडे) चार-पाच एकर जागा आहे, डोंगरउताराची. गवत माजतं, थोडी शेतीही करायची आहे. छोटा ट्रॅक्टर कुठला घेऊ? किती एचपीचा?"

तिघांनाही मी उलट विचारलं, "चालवणार कोण?"

तिघांचं उत्तर सारखंच. "गावातला एक मुलगा आहे ना, तो बघतो सगळं."

ही पोस्ट त्या मुलासाठी आहे. पोस्ट मोठी आहे, पण ट्रॅक्टरचं बुकिंग करण्याआधी वाचा.

आधी माझी चूक सांगतो. आमची वडिलोपार्जित सहा एकर जमीन मुळशीच्या पश्चिमेला आहे. खाली भाताची खाचरं, वर वरकस. आजोबांच्या वेळी वरकसावर नाचणी, वरई व्हायची. आता नुसतं गवत. दिवाळीनंतर ते वाळतं, पुढे शिमग्याच्या सुमारास कुठूनतरी वणवा येतो आणि लावलेली आंब्याची कलमं जाळून जातो. दोनदा असं झाल्यावर मी हट्टाला पेटलो आणि एक जुना, मोठा ट्रॅक्टर स्वस्तात मिळाला तो घेतला. पंचेचाळीस एचपी. कोथरूडमध्ये बसून मला वाटलं, ताकद जास्त म्हणजे काम सोपं.

मागे स्लॅशर जोडून आमचा चालक उतारावर आडवा गवत कापत होता. मी वर बांधावर उभा होतो. गवतात लपलेल्या वारुळावर वरच्या बाजूचं चाक चढलं आणि त्याच क्षणी खालचं चाक पावसाने कापलेल्या घळीत गेलं. वरचं मागचं चाक जमिनीपासून वीतभर उचललेलं मी डोळ्यांनी पाहिलं. पोरगा हुशार. त्याने स्टिअरिंग वरच्या बाजूला न ओढता खाली उताराकडे वळवलं, ट्रॅक्टर सरळ झाला आणि खालच्या बांधाला जाऊन थांबला. मला ओरडायलाही सुचलं नव्हतं.

खाली उतरल्यावर तो एवढंच म्हणाला, "दादा, गवत तुमचंय. पण खाली मी गेलो असतो."

त्या ट्रॅक्टरला डोक्यावर उन्हाची छत्री होती. उलटला असता तर ती छत्री पापडासारखी चुरली असती. महिनाभरात मी तो ट्रॅक्टर विकला. तेव्हापासून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट: ट्रॅक्टर निवडायच्या आधी जमीन वाटून घ्या. कागदावर नाही, चालत. दहा फुटांची सरळ काठी घ्या. एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीला टेकवा, काठी आडवी सपाट धरा (गवंड्याकडची लेव्हल ठेवली की झालं) आणि दुसऱ्या टोकापासून खाली जमीन किती फूट आहे ते मोजा. पावणेदोन फूट आलं तर उतार सुमारे दहा अंश. अडीच फुटांच्या थोडं पुढे गेलं की पंधरा अंश. माझा स्वतःचा नियम असा: दहा अंशांपर्यंत ट्रॅक्टर, दहा ते पंधरामध्ये फक्त उभा, म्हणजे वर-खाली, तोही कोरड्या जमिनीवर आणि जपून. पंधराच्या पुढे ट्रॅक्टर नाहीच. तिथे पाठीवरचा ब्रश कटर, नाहीतर विळा, नाहीतर गावातल्या कुणाची जनावरं चरू द्या.

इथे एक पेच आहे, तो शोरूममधला माणूस सांगत नाही. माती राखायची तर नांगरट उताराला आडवी हवी, म्हणजे पाणी तासातासात अडतं. हे आपल्याकडे शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नाही. पण ट्रॅक्टर उलटायचा धोका सगळ्यात जास्त आडवं चालवतानाच असतो. उभं चालवलं तर चालक त्या मानाने सुरक्षित, पण पहिल्याच मोठ्या पावसात तासातून पाणी धावतं आणि माती घेऊन जातं. जमीन टेमघर, वरसगाव, पानशेतच्या वरच्या अंगाला असेल तर ती माती त्या धरणांत जाते, म्हणजे आपल्याच पिण्याच्या पाण्यात. या पेचाला एचपी हे उत्तर नाही. जिथे उतार जास्त, तिथे नांगरूच नका. फक्त गवत कापा, मुळं जमिनीत राहू द्या. नांगरट, रोटाव्हेटर हे खाचरात आणि ताली घातलेल्या पट्ट्यांत.

काही जण यावर सोपा उपाय काढतात. जेसीबी लावून उतारच सपाट करून टाकतात. कृपा करून असं करू नका. आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. मुख्य कारण अतिवृष्टीच होतं, पण डोंगरउतारावर यंत्राने केलेल्या सपाटीची चर्चाही तेव्हा झाली होती. आपल्या सोयीसाठी डोंगराचा पाय कापताना खाली कुणाचं घर आहे ते एकदा बघा.

दुसरी गोष्ट: यंत्र. फक्त खाचरं आणि एक-दोन एकर असेल तर ट्रॅक्टर घेऊच नका. पॉवर टिलर घ्या, किंवा भाड्याने आणा. कोकणात आणि मावळ-मुळशीत तो भातासाठी रुळलेला आहे, अरुंद खाचरात वळतो आणि बांधावरून उतरवता येतो. पण उतारावर टिलरमागे चालणाऱ्याचीही दमछाक होते, हे लक्षात ठेवा.

चार-पाच एकर मध्यम उताराचं असेल, गवत दरवर्षी कापायचं असेल, तर वीस ते अठ्ठावीस एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर. महिंद्राचा जिवो, २०२३ मध्ये आलेली ओजा मालिका, कुबोटाचा निओस्टार, जॉन डीअरचा ३०२८ असे पर्याय बाजारात आहेत. मी कुणाचा एजंट नाही, त्यामुळे अमुकच घ्या असं सांगणार नाही. तुमच्या तालुक्यात ज्याचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येतो तो ब्रँड चांगला.

पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा. चोवीस एचपीचा त्याच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही हलका. ओल्या लाल मातीवर हा फरक कळतो. चार फुटी स्लॅशर ओढायला एवढी ताकद पुरते. फोर व्हीलचा खरा फायदा चढताना नाही, उतरताना आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनचा लगाम चारही चाकांना लागतो. टू व्हीलमध्ये तो फक्त मागच्या चाकांना लागतो, आणि उतारावर वजन पुढे गेलं की नेमकी मागचीच चाकं हलकी होऊन घसरतात.

पण फोर व्हील म्हणजे उलटणार नाही, असं अजिबात नाही. फोर व्हील घसरणं कमी करतं, उलटणं थांबवत नाही. उलट, त्याच्या भरवशावर माणूस जिथे जायला नको तिथे जातो.

आणखी एक. आपल्याकडे छोटे ट्रॅक्टर मुख्यतः नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांमुळे लोकांच्या ओळखीचे झाले. वेलींच्या दोन ओळींमधून फवारणी करत जायचं म्हणजे ट्रॅक्टर जितका अरुंद तितका चांगला. डोंगरावर नेमकं उलटं. दोन चाकांमधलं अंतर जितकं कमी, तितका तो आडव्या उतारावर लवकर कलंडणार. म्हणून डीलरला विचारा, मागच्या चाकांची रुंदी वाढवता येते का? अनेक मॉडेलमध्ये रिमची डिस्क उलटी लावून ती वाढते. पुढे वजनं लावता येतात का, हेही विचारा. मागे अवजार लावून चढ चढताना पुढची चाकं उचलली जातात, त्याला तो उपाय आहे. आणि डेमो शोरूमच्या अंगणात घेऊ नका, तुमच्या जमिनीवर मागा, चालवणाऱ्या मुलाला बसवून. नाही म्हणाले तर दुसरा डीलर बघा.

तिसरी गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. सीटच्या मागे लोखंडी कमान असते, तिला आरओपीएस म्हणतात. ट्रॅक्टर उलटला तरी ती कमान जमिनीला टेकते आणि माणसासाठी जागा शिल्लक राहते. तिच्याबरोबर सीटबेल्ट लागतोच, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाऊन त्याच कमानीखाली सापडतो. (कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर, किंवा कमान दुमडून ठेवली असताना, बेल्ट लावायचा नाही. हेही चालवणाऱ्याला नीट समजावून सांगा.)

हा काही नवा शोध नाही. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना अशी रचना सक्तीची केली. पुढच्या काही दशकांत तिथे ट्रॅक्टर उलटून मरणाऱ्यांचं प्रमाण खूपच खाली आलं. आपल्या शिवारात दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांना मात्र ती कमान नाही. छत्री आहे, म्युझिक सिस्टीम आहे, मागे मुलांची नावं रंगवलेली आहेत. "ट्रॅक्टर उलटून तरुण ठार" ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते, आणि आपण पान उलटतो.

"कमानीने दहा-वीस हजार वाढतात हो," असं मला एकाने सांगितलं. या गृहस्थांच्या जागेला घातलेलं तारेचं कुंपण त्याच्या कितीतरी पट महाग आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पाच लाखांच्या मूळ किमतीवर पस्तीस हजार वाचतात. ते कमानीला लावा. बागेत फांद्या आडव्या येतात म्हणाल तर दुमडती कमान मिळते.

आता सरकारकडे येतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत महाडीबीटीवर अर्ज करून ट्रॅक्टरला अनुदान मिळतं. लहान शेतकरी, महिला, अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. हा आपल्या सगळ्यांचा पैसा आहे. माझी मागणी साधी आहे: ज्या ट्रॅक्टरला कमान आणि बेल्ट नाही, त्याला अनुदान नाही. पण त्याच वेळी अनुदानाची मर्यादा कमानीच्या किमतीएवढी वाढवा, म्हणजे गरीब शेतकऱ्यावर बोजा येणार नाही. जुन्या ट्रॅक्टरला प्रमाणित कमान बसवून घेणाऱ्यालाही मदत द्या. गावच्या वेल्डरकडून पाइप वाकवून घेतलेली कमान चालत नाही, ती वजन पेलत नाही. आणि मुळशी, राजगड, मावळ, भोर, आंबेगाव, जुन्नरसारख्या तालुक्यांतल्या अवजार बँकांत मोठे ट्रॅक्टर ठेवण्यापेक्षा टिलर, ब्रश कटर, छोटे फोर व्हील ठेवा. मैदानी तालुक्याची यादी डोंगराला लावू नका.

आणि आपण पुणेकर? शेतजमीन घेताना कूळ कायद्याच्या कलम ६३ साठी शेतकरी असल्याचा दाखला आपण किती धडपडीने शोधतो! कागदावर शेतकरी झालो, पण उतारावर आपल्या जागी दुसऱ्याचा मुलगा बसतो. त्याला हेल्मेट, बूट, ब्रश कटरबरोबर डोळ्यांना गॉगल, त्याचा अपघात विमा, आणि "इथे नको, दादा" म्हणायचा अधिकार, एवढं तरी द्यायला काय हरकत आहे?

आमच्याकडे आता छोटा फोर व्हील आहे, कमानीचा. जुना मोठा विकून आलेल्या पैशात थोडी भर घालावी लागली. वरचा चढा पट्टा सोडून दिलाय. तिथे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ब्रश कटरने फक्त कडेची जाळरेषा काढतो, दहा-बारा फुटांची. गेली दोन वर्षं वणवा तिथेच थांबला. किती कापायचं, कुठे कापायचं हे मी ठरवत नाही, चालक ठरवतो.

ज्या तिघांनी विचारलं होतं, त्यांतल्या एकाने काल फोन केला. काठी घेऊन मोजून आला होता. म्हणाला, "अरे, निम्मी जागा पंधराच्या वर निघाली." म्हटलं, मग निम्मा खर्च वाचला. त्यातून त्या पोराचा विमा काढ.

तुमच्या ओळखीत कुणी डोंगराला जागा घेऊन ट्रॅक्टर बघत असेल, तर त्याला ही पोस्ट पाठवा. आणि तुमच्या गावात अवजार बँक आहे का, तिथे डोंगराला चालणारं काय मिळतं, ते कमेंटमध्ये सांगा. यादी झाली की तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे आपण मिळूनच जाऊ.