खड्डा भरण्याचे पैसे जमा आहेत. हिशेब वस्तीने मागावा

कोळसा संपला, गाड्या थांबल्या, की वस्तीला वाटते, चला, धूळ गेली. पण खाण बंद झाली म्हणून तिचा त्रास बंद होत नाही. चंद्रपूर, घुग्घुस, वणी, उमरेड या पट्ट्यातील लोकांना हे सांगायला नको. मागे उरतो पाण्याने भरलेला खोल खड्डा आणि टेकडीएवढे मातीचे ढिगारे.

ढिगाऱ्यावर गवत नसेल तर उन्हाळ्यात तीच माती घरात, अन्नावर आणि लेकरांच्या छातीत जाते. पावसाळ्यात ती नाल्यात उतरते, नाला तुंबतो आणि पाणी घरात शिरते. या ढिगाऱ्यांनी इरई नदीचे पात्र अरुंद केले, ही चंद्रपूरकरांची जुनी तक्रार आहे. खड्ड्याचा काठ तळ्यासारखा उतरता नसतो, सरळ तुटलेला असतो. त्यात पडलेल्या मुलाला वर येता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खे घर जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती. माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली; शेजारच्या कुटुंबांना मात्र घरे सोडावी लागली. म्हणून खाणीची जमीन नीट करणे हा आपल्या आरोग्याचा प्रश्न आहे.

यासाठी पैसा कोणी द्यायचा? खोली भाड्याने देताना मालक आधी डिपॉझिट घेतो. खाणीचेही तसेच आहे. केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये सूचना काढून प्रत्येक खाणीला बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी बँकेत वेगळे एस्क्रो खाते सक्तीचे केले. कोळसा नियंत्रकांच्या मंजुरीशिवाय कंपनीला त्यातून पैसा काढता येत नाही. उघड्या खाणीसाठी तेव्हा दर हेक्टरी ६ लाख रुपये होता. २०२० मध्ये तो ९ लाख झाला. म्हणजे ५०० हेक्टरच्या खाणीला ४५ कोटी. या सूचनांमध्ये दर पाच वर्षांनी काम तपासून त्या प्रमाणात पैसा परत देण्याची सोय ठेवली होती. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल, चारा होईल, अशी अट केंद्राने घालावी.

नियम चांगला आहे, पण पुरेसा नाही. पहिली गोष्ट, दर हेक्टरवर ठरतो. खड्डा लांबी-रुंदीने मोजून भागत नाही, खोलीही मोजावी लागते. पन्नास फूट आणि तीनशे फूट खोल खड्ड्याचा खर्च एक कसा? दुसरी, काम झाले की नाही हे कागदावरून ठरू नये. पैसा परत देण्याआधी ग्रामसभेत किंवा वॉर्डसभेत हिशेब वाचून दाखवावा आणि लोकांनी जागा पाहून हरकत घ्यावी. तिसरी, ज्या खाणी या नियमाआधीच बंद पडल्या, त्यांच्यासाठी पैसा बाजूला काढलेला नव्हता. तो भार कंपनीने आणि शासनाने उचलावा.

आणखी एक सावधगिरी. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणबाधित लोकांच्या पाण्यासाठी, दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी आहे. कंपनीचा खड्डा त्या निधीतून भरला जात असेल तर आपल्या औषधाचा पैसा कंपनीच्या कामावर जातो. दोन्ही हिशेब वेगळे मागा.

कोळशाच्या पैशातून आधीच वाटा काढून ठेवणे ही कल्पना नवी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर लावून तो पैसा कामगारांच्या घरांसाठी, पाण्यासाठी, औषधोपचारासाठी ठेवायचा होता. नफा उरला तर देऊ, अशी भाषा त्यात नव्हती.

आता आपण काय करायचे? वेकोलि ही सरकारी कंपनी आहे, तिला माहिती अधिकार लागू आहे. अर्जाला १० रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. चार प्रश्न विचारा: आमच्या शेजारच्या खाणीचा बंद करण्याचा आराखडा द्या, खात्यात आज किती रक्कम आहे, आजवर किती काढली आणि कोणत्या कामासाठी, किती हेक्टर जमीन भरून हिरवी केली. उत्तर आले की विहारातल्या बैठकीत मोठ्याने वाचा आणि दुसऱ्या दिवशी सगळे मिळून ती जागा पाहून या.

आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. आपण खाणीजवळ राहतो, घरातले कोणी खाणीत काम करत होते, हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

हे सगळे खाण चालू असतानाच करायचे आहे. कोळसा संपल्यावर कंपनीचे ऑफिस उठते. मग अर्ज द्यायला कोणत्या दारात जाणार?