नाव एकाचे, गाडी साऱ्यांची



दशलक्षण पर्व जवळ येऊ लागले, की आपल्या घरांतून यात्रेचे बेत ठरू लागतात. माधवनगरातील एखादे एकत्र कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. दारातील गाडी थोरल्या अण्णांच्या नावावर आहे. तिचे हप्ते दुकानातून जातात. सकाळी धाकटे काका ती घेऊन सांगलीच्या मार्केट यार्डात जातात, दुपारी पुतण्या तिच्यातून महाविद्यालय गाठतो आणि रविवारी जावईबापू सर्वांना कुंभोजच्या बाहुबलीला दर्शनाला नेतात. गाडी कोणाची, असे विचारले तर सर्वांचे उत्तर एकच असते, ‘आपली’.

या एका शब्दात एकत्र कुटुंबाचे सारे सौजन्य सामावलेले आहे. परंतु विम्याच्या कागदाला ‘आपली’ हा शब्द उमगत नाही. त्याला ओळखीचे असते ते नोंदणी पुस्तकावरचे, म्हणजे आरसी बुकावरचे, नाव. या दोन समजुतींमधील अंतर एरवी जाणवत नाही. जाणवते ते अपघाताच्या किंवा मृत्यूच्या प्रसंगी, आणि तेव्हा ते भरून काढण्याची वेळ टळून गेलेली असते.

पुष्कळ घरांतील मुले आता परदेशी आहेत. तिकडून ती सुचवितात, ‘बाबा, पॉलिसीत दादाचे आणि वहिनीचेही नाव घालून घ्या.’ त्यांच्या दृष्टीने हे योग्यच आहे. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये गाडी कोण कोण चालविणार हे विमा कंपनीला सांगावे लागते आणि त्या प्रत्येकाचे वय व पूर्वीचे अपघात पाहून हप्ता ठरतो. घरातील तरुण मुलाचे नाव घातले, की साऱ्या घराचा हप्ता वाढतो. म्हणून काही पालक मुख्य चालक म्हणून स्वतःचे नाव देतात आणि प्रत्यक्षात गाडी मुलगाच वापरतो. इंग्लंडमध्ये ही फसवणूक समजली जाते आणि ती उघडकीस आल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो.

आपल्याकडील रचना वेगळी आहे. खासगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत चालकासंबंधी जे कलम असते, त्यानुसार वैध परवाना असलेली आणि परवान्यास अपात्र न ठरलेली कोणतीही व्यक्ती गाडी चालवू शकते. नियम पाळणारा शिकाऊ परवानाधारकही त्यात येतो. त्यामुळे काकांनी, पुतण्याने वा जावयाने केवळ गाडी चालविण्यासाठी पॉलिसीत नाव घालण्याची आवश्यकता नाही. हे ऐकून आपण निश्चिंत होतो. पण गाडी चालविण्याची मुभा मिळणे आणि विम्याचे पूर्ण संरक्षण मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. दावा न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस हा गाडीचा नसतो, विमाधारकाचा असतो. तो स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. समजा, अण्णांचा या भागाचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि वर्षानुवर्षांच्या सावधपणामुळे ते ६,००० रुपयेच भरतात. पुतण्याच्या हातून फाटकाला गाडी घासली आणि ८,००० रुपयांचा दावा केला, तर पुढील वर्षी १२,०००, नंतर ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० रुपये भरावे लागतील. मूळ हप्ता तेवढाच राहिला असे धरले, तरी पाच वर्षांत १५,००० रुपये अधिक गेले. चूक एकाची आणि संचित गेले दुसऱ्याचे. अशी लहान दुरुस्ती घरातच वाटून घेणे शहाणपणाचे, आणि ते कसे वाटायचे हे आधीच ठरलेले असावे.

दुसरी गोष्ट जिवाची आहे. मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण २०१८ मधील निर्देशानुसार ठरले. ते सर्व चालकांसाठी आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे, ती चुकीची आहे. हे संरक्षण गाडीच्या नोंदणीकृत मालकालाच मिळते. पॉलिसी त्याच्याच नावे असावी लागते आणि त्याच्याजवळ वैध परवाना असावा लागतो. गाडी वहिनींच्या नावावर आणि वहिनींकडे परवानाच नाही, अशा घरात ते कोणालाच लाभत नाही. गाडी पेढीच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तरीही हे संरक्षण लागू होत नाही. व्यापारी घरांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

मग अण्णांची गाडी घेऊन निघालेल्या काकांना अपघात झाला तर? २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातील असे प्रकरण आले होते. दुसऱ्याची मोटारसायकल मागून घेऊन गावी निघालेला एक गृहस्थ इलकल–कुष्टगी मार्गावर पुढे चाललेल्या बैलगाडीवर आदळून मरण पावला. त्याच्या वारसांनी मोटार वाहन कायद्याच्या तत्कालीन कलम १६३-अ खाली भरपाई मागितली. न्यायालयाने म्हटले, की वाहन मागून घेणारा मालकाच्या जागी उभा असतो. म्हणून मालकाच्याच विमा कंपनीकडून त्या कलमाखाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. २०२० मधील अशाच एका निकालात मागून घेतलेल्या वाहनावरील चालकाच्या वारसांना पॉलिसीतील वैयक्तिक अपघाताची एक लाखाची रक्कम तेवढी मिळाली. नात्यातील माणूस परका नसतो, ही आपली भावना. पण कायद्याच्या हिशेबी तो ना मालक ठरतो, ना त्रयस्थ.

याच ठिकाणी नातेवाइकांची नावे पॉलिसीत घालण्याला आपल्याकडे खरा अर्थ आहे. थोडा जादा हप्ता भरून नाव दिलेल्या व्यक्तींसाठी, तसेच नाव न दिलेल्या प्रवाशांसाठी, प्रत्येकी दोन लाखांपर्यंत वैयक्तिक अपघात संरक्षण जोडता येते. ही रक्कम कुटुंबाचा पोशिंदा गमावणाऱ्या घराला पुरणारी नव्हे. म्हणून नियमित गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाने स्वतंत्र वैयक्तिक अपघात पॉलिसी घेणे अधिक श्रेयस्कर.

प्रवाशांविषयीही सावध असावे. खर्च वाचविण्यासाठी जुन्या गाडीचा केवळ थर्ड पार्टी विमा ठेवण्याची पद्धत आहे. खासगी मोटारीत बसलेल्या प्रवाशांची जोखीम सर्वसमावेशक पॉलिसीत येते, निव्वळ कायद्यापुरत्या पॉलिसीत येत नाही, असा फरक सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केला. पाठीमागच्या आसनावर आजी, आक्का आणि नातवंडे असताना ही बचत महाग पडू शकते. तसेच घरातील कोणी ही गाडी भाडे घेऊन यात्रेकरूंना नेण्यासाठी वापरली, तर तो वापर पॉलिसीच्या मर्यादेबाहेरचा ठरतो.

तिसरी गोष्ट दायित्वाची. परवाना नसलेल्याच्या हाती गाडी दिल्यास विमा कंपनी जखमी त्रयस्थाला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. चालक अल्पवयीन असेल तर प्रसंग अधिकच गंभीर होतो. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात अल्पवयीन चालकाच्या गाडीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, हे आपण विसरलेलो नाही. ‘कॉलनीतल्या कॉलनीत तर नेतो’ ही सबब म्हणूनच घरात ऐकून घेऊ नये.

आता चौथी आणि आपल्या घरांत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट, ती म्हणजे नावावरची गाडी बदलून न घेणे. भावाला गाडी दिली, मुलीला लग्नात दिली, पण आरसी बुक तसेच राहिले. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या प्रकरणात गाडी २००७ साली विकली गेली होती, नंतरही ती हातोहात गेली होती. तरी २००९ मधील अपघाताचे दायित्व नोंदणीतील मूळ मालकावर आले. उलट बाजूने, गाडी घेणाऱ्याने पॉलिसी चौदा दिवसांत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. तसे न केल्यास त्रयस्थाची जोखीम चालू राहते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची मात्र राहत नाही.

मालकाचे निधन झाल्यावर तर घर दुःखात असते आणि गाडीचा कागद कोणाला आठवत नाही. गाडी ताब्यात घेणाऱ्या वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांत नोंदणी बदलण्यासाठी अर्ज करावा, असा नियम आहे. विमा पॉलिसीही निधनापासून तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी होईल तोवरच चालते. पुढे दिवंगत व्यक्तीच्या नावाने हप्ता भरत राहणे म्हणजे संरक्षण विकत घेतल्याचा भास होय. बोनसच्या बाबतीत एक बारकावा आहे. गाडी पत्नी, पती, मुले किंवा आईवडील यांच्याकडे गेली तर दिवंगताचा बोनस त्यांना मिळतो. या यादीत भाऊ नाही आणि पुतण्याही नाही. एकत्र कुटुंबात गाडी पुढे कोणाकडे जाणार, हे ठरविताना याचा विचार व्हावा. २०२१ पासून आरसी बुकावरच नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा.

‘मग घरातील सगळ्या गाड्यांची एकच पॉलिसी नाही का होणार?’ असे कोणी विचारील. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये अशा फ्लोटर पॉलिसीला अनुमती दिली, पण ती एकाच व्यक्तीच्या मालकीच्या वाहनांपुरती. त्या सोयीसाठी सर्वांच्या गाड्या अण्णांच्या नावे करणे म्हणजे सर्वांच्या हातून घडणाऱ्या चुकांचे दायित्व त्यांच्या उतारवयात त्यांच्या शिरावर ठेवणे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ हा एक आहे. वस्तुस्थितीशी न जुळणारा लेख तयार करणे, असा त्याचा आशय. मुलाची गाडी बापाच्या नावे, व्यवसायाची गाडी खासगी म्हणून, दिवंगताची गाडी जिवंताप्रमाणे नोंदविताना आपल्या मनात कपट नसते. बहुधा केवळ आळस असतो. तरी कागद खोटे बोलतो तो बोलतोच, आणि त्याचे फळ घरातील सर्वांत निरपराध माणसाला भोगावे लागते.

यासाठी एक संध्याकाळ पुरेशी आहे. आरसी बुक, पॉलिसी आणि घरातील सर्वांचे परवाने एकत्र मांडावेत. दोन्ही कागदांवरचे नाव एक आहे का, ते नाव गाडीच्या खऱ्या मालकाचे आहे का, वारस कोण नोंदविला आहे, परवान्यांची मुदत कधी संपते, हे पाहावे. अण्णांनी किल्ली खुंटीवर जरूर ठेवावी, ती सर्वांनी घ्यावी, यात्राही एकत्र व्हावी. मात्र ती किल्ली घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना, तो परत न आल्यास आपल्या पाठीशी काय आहे, हे आधीच ठाऊक असावे. हेही एकत्र कुटुंबाचे कर्तव्यच आहे.