डीपी बदलून युद्ध थांबत नाही

‘युद्ध तिकडे, आपण इथे काय करणार?’ ही पळवाट आहे. दोन दिवस डीपी बदलून तिसऱ्या दिवशी विसरणं, ही दुसरी पळवाट.

१९६८ साली रोममधल्या काही शाळकरी मुलांनी सांत एजिदिओ हा गट सुरू केला. हाती ना सत्ता, ना सैन्य. मोझांबिकमध्ये १९७७ पासून यादवी पेटली. या लोकांनी तिथे मदत पाठवली, वर्षानुवर्षं संबंध जपले. त्यातून विश्वास तयार झाला. म्हणूनच १९९० मध्ये सरकार आणि रेनामोचे बंडखोर त्यांच्या जुन्या मठात बोलणी करायला बसले. ४ ऑक्टोबर १९९२ला करार झाला, १९९४ मध्ये निवडणूक.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सर्व्हर पडला की ओरडणारे पुष्कळ असतात. तो उभा करतो रात्रभर लॉग वाचत बसणारा. शांततेचंही तसंच आहे.

मित्रांनो, एक देश निवडा. त्याचा इतिहास वाचा, दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसांचं ऐका. विश्वासू संस्थेला दरमहा थोडे पैसे द्या, आपल्या खासदाराला पत्र लिहा. बातम्या थंडावल्यावरही हे चालू ठेवा. संताप सगळ्यांकडे आहे. कमी पडतं ते सातत्य.