चूक कशाला म्हणावे?

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका महाविद्यालयातील चर्चासत्रास श्रोते म्हणून बसण्याचा योग आम्हांस आला. विषय होता 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मराठी साहित्य'. दिवसभरात निबंध पुष्कळ वाचले गेले, पण सर्वांमागे धास्ती एकच होती: यंत्र कविता लिहू लागले, आता आपले काय होणार? सर्जनशीलतेचा अंत, प्रतिभेचे अवमूल्यन, लेखकाचा मृत्यू (हा बिचारा आणखी किती वेळा मरणार आहे कोण जाणे) असे सर्व यथासांग झाले. मधल्या सुट्टीत चहा घेताना, नुकतेच यंत्राला मनसोक्त झोडपून आलेल्या एका प्राध्यापकांना गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. पेरू की थांबू, असे तो विचारीत असावा. प्राध्यापक म्हणाले, "थांब रे, मोबाइलवर बघून सांगतो." त्यांनी पाहिले आणि सांगितले. मग आपण सारे पुन्हा प्रतिभेच्या अवमूल्यनाकडे वळलो.

आमची तक्रार आहे ती या वळण्याविषयी.

मशीन लर्निंग नावाची जी गोष्ट आहे, तिचा खरा संसार कवितेत नाही. तो पावसात, पुरात, कारखान्यातील भट्ट्यांत आणि विजेच्या जाळ्यांत आहे. पावसापुरतेच बोलू. २०२३ साली गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी 'ग्राफकास्ट' नावाचे प्रारूप जाहीर केले. १९७९ ते २०१७ अशा ३९ वर्षांच्या हवामानाच्या नोंदींवर ते शिकविलेले होते, आणि साऱ्या पृथ्वीचा दहा दिवसांचा अंदाज ते एका मिनिटाच्या आत देत असे. २०२५ साली केंद्रीय कृषी मंत्रालयाने याच जातीच्या प्रारूपांच्या आधारे १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर धाडले. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच, २६ तारखेला, मुंबईत येऊन थडकला आणि नंतर वाटेत अडखळला. तो अडखळणार, हे या अंदाजांनी आधी सांगितले होते. ही लहान गोष्ट नव्हे. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याने घरात पाहिले आहे, तो तिला नाक मुरडणार नाही.

तेव्हा आम्ही यंत्राविरुद्ध लिहीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. यंत्र शिकते म्हणजे काय करते? ते उत्तर देते, ते उत्तर खऱ्या नोंदीशी ताडले जाते, चुकीला दंड होतो, आणि दंड कमी व्हावा अशा रीतीने ते स्वतःला बदलीत जाते. मात्र कोणत्या चुकीला किती दंड, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणूस ठरवितो. प्रचलित रीत अशी की चुकीचा वर्ग करावा: दहा मिलिमीटरांनी चुकल्यास दंड शंभर, शंभर मिलिमीटरांनी चुकल्यास दहा हजार. वरवर पाहता हे न्याय्य वाटते. आता समजा, यंत्राने ढगफुटी एका खोऱ्यात सांगितली आणि ती शेजारच्या खोऱ्यात झाली. दंड दोनदा होतो: सांगितले तेथे पडला नाही म्हणून, आणि पडला तेथे सांगितले नव्हते म्हणूनही. काही काळाने यंत्र शहाणे होते. ते दोन्ही खोऱ्यांत 'मध्यम पाऊस' सांगू लागते. गुण उत्तम मिळतात, आणि महापूर मात्र सरासरीत विरघळून जातो. (आमच्या विद्यापीठीय समीक्षेत ही विद्या यंत्राच्या आधीपासून अवगत आहे.)

त्यात भर चौकटींची. ग्राफकास्टची एक चौकट सुमारे २८ किलोमीटरांची. महाबळेश्वर आणि विश्वकोशाची वाई तिच्यात शेजारीशेजारी मावतील. एकीकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, दुसरीकडे त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. चौकटीला एकच आकडा.

गुण मिळणे आणि खरे ठरणे यांतील अंतर आपल्याला नवे नाही. डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली घडलेले १६ घटकांचे प्रारूप १९८८ पासून हवामान खात्याने वापरले. पुढील चौदा पावसाळे सामान्य वा त्याहून चांगले गेले आणि प्रारूपाची कीर्ती झाली. २००२ साली त्याने १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के. एकटा जुलै निम्म्यावर आला. पुढच्याच वर्षी प्रारूप बदलावे लागले. चौदा चांगल्या वर्षांत 'चांगले' म्हणणाऱ्याची परीक्षा झालीच नव्हती, हे ध्यानात येण्यास दुष्काळ पडावा लागला.

आता शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडा. पाऊस येणार असे सांगितले आणि आला नाही, तर बियाणे मातीत जाते. उशिरा येणार असे सांगितले आणि लवकर आला, तर फार तर आठवडा जातो. कागदावर या दोन चुका समान आहेत, बांधावर नाहीत. मग दंडाचे कोष्टक कोणाच्या बांधावरून लिहायचे? हा गणिताचा प्रश्न नव्हे. मूल्यांचा आहे, आणि मूल्यांवर तर आपण आयुष्यभर व्याख्याने देत आलो आहोत.

कोणी म्हणेल, यात वाङ्मयाचे काय? वाङ्मयाचे एवढेच की अंदाज हे अखेर एक वाक्य असते. २०२४ सालचे 'जेनकास्ट' एक भविष्य सांगत नाही, अनेक संभाव्य भविष्ये सांगते. त्या अनेकांचे एक मराठी वाक्य कोण करणार? आज आपल्याकडे जे आहे ते असे: 'तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता'. यातील 'तुरळक' हे विशेषण नव्हे, संज्ञा आहे. प्रदेशातील चतुर्थांश केंद्रांपर्यंत, असा तिचा नेमका अर्थ. 'मुसळधार'लाही चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरांची खालची सीमा आहे. महसूल खात्याच्या 'अतिवृष्टी'ला ६५ मिलिमीटरांची, आणि नुकसानभरपाईचे पंचनामे त्या शब्दावर उभे राहतात. या शब्दांवर लाखोंचा निर्वाह आहे, आणि भाषाविभागांत त्यांच्यावर एकही निबंध आमच्या वाचनात आलेला नाही. 'शक्यता' हा शब्द तर इतका झिजला आहे की ऐकणाऱ्याला तो केवळ सांगणाऱ्याची पळवाट वाटतो. २०१७ साली बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी चुकीच्या अंदाजाबद्दल हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली, तेव्हा पुष्कळ जण हसले. आम्हांस ती तक्रार, अजाणता का होईना, एका वाक्याचे गंभीर परीक्षण वाटते.

यंत्राने लिहिलेल्या कवितेने आजवर कोणाचे बियाणे वाया गेलेले नाही. पुढील चर्चासत्राचे निमंत्रण आल्यास आम्ही निबंध आणणार नाही. त्या दिवशीचा हवामानाचा अंदाज फळ्यावर लिहू आणि विद्यार्थ्यांना विचारू: हे वाक्य तुम्ही प्राध्यापकांच्या भावाला कसे सांगाल?