बटण कोणाचे बंद करायचे?

आमच्या घरात खातेवाटप झालेले आहे. स्वयंपाक, आलागेला आणि मुलांचा अभ्यास ही खाती सौभाग्यवतींकडे. वीज वाचविण्याचे खाते माझ्याकडे. खातेप्रमुखाने स्वतः काही करायचे नसते, नुसते ओरडायचे असते, अशी माझी समजूत होती. "न्हाणीघरातला दिवा कोणी चालू ठेवला?", "हा पंखा कोणासाठी फिरतो आहे?" अशा आरोळ्यांनी मी घर दणाणून सोडीत असे.

२०२० च्या टाळेबंदीत माझे ऑफिस घरी आले आणि पाहुण्यासारखे येऊन कायमचे राहिले. मी हिशेबनीस. संगणक असला की यवतमाळात बसून पुण्याच्या कंपनीचे जमाखर्च लिहिता येतात. पश्चिमेची खोली मी घेतली. आमच्याकडचा मे महिना काय सांगावा! पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. म्हणून एसी आला. तो १८ अंशांवर लावून, अंगावर शाल पांघरून, मी मे महिन्यात हिशेब करू लागलो. बिल फुगले. मग काय, माझ्या आरोळ्याही वाढल्या.

एका दुपारी पाणी प्यायला बाहेर आलो. आई आपल्या खोलीत दाराशी बसली होती. वय ऐंशीच्या घरात. डोक्यावर ओला पंचा, हातात वारा घ्यायला पुठ्ठ्याचा तुकडा. डोक्यावरचा पंखा बंद.

"लाइन गेली का?" मी विचारले.

"नाही रे. तुयं ते मशीन चालू हाये ना, म्हणून हा बंद केला. बिल लई येते म्हणत होता ना तू. मले काय होते रे बापा!"

मी काहीच बोललो नाही. पंखा लावला आणि खोलीत येऊन एसी बंद केला. त्या रात्री दुसऱ्याचे हिशेब लिहिणाऱ्या या माणसाने प्रथमच आपल्या घराचा हिशेब मांडला.

हजार वॉटचे यंत्र तासभर चालले की एक युनिट होते. आईचा जुना पंखा ७५ वॉटचा, म्हणजे तेरा तासांनी एक युनिट. देवघरातला एलईडी दिवा ९ वॉटचा. तो शंभर तास जळला तरी युनिट पुरे होत नाही. आणि माझा दीड टनी एसी जोरात चालला की सुमारे दीड हजार वॉट ओढतो. आईला दिवसभर पुरणारी वीज मी शाल पांघरून चाळीस मिनिटांत संपवीत होतो, आणि ओरडत होतो देवघरातल्या दिव्यावर!

दुसऱ्या दिवशी टेबल उचलून आईच्या खोलीत नेले. खोली उत्तरेची, खिडकीला कूलर. कूलरला दोनशे वॉटच्या आसपास लागतात, आणि एका गारव्यात दोघांचे भागते. मात्र तो पाणी पितो. २०१८ च्या उन्हाळ्यात टँकरपुढे रांगा लावलेल्या यवतमाळकराला पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. म्हणून तो दुपारी बारा ते पाचच चालतो. अवघड काम मी पहाटे साडेपाचला उरकतो. मोठ्या संगणकाऐवजी लॅपटॉप घेतला. तो निम्म्याहून कमी विजेत चालतो. छपाईयंत्राचे बटण भिंतीवरच बंद करतो. एसी अगदीच लागला तर २४ वर. एक अंश वाढविला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे सरकारचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. आणि तीस वॉटवर फिरणारा नवा पंखा आणला, तो पहिल्यांदा आईच्या खोलीत लागला.

महावितरणचे घरगुती दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतात: शंभर युनिटांपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. त्यामुळे वाचलेले युनिट वरच्या, सर्वांत महाग पायरीवरचे असते. पण प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. कोळशावरच्या एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जळतो, आणि कोळशाच्या खाणी आमच्याच जिल्ह्यात, वणी तालुक्यात आहेत. तिथली माणसे धूळ खातात आणि इथे मी शाल पांघरतो, हे बरे दिसत नाही.

वीज वाचविण्याचे खाते मी आता आईकडे सोपविले आहे. ती ओरडत नाही. संध्याकाळी सहा वाजले की जपाची माळ खाली ठेवते आणि हळूच विचारते, "झालं ना काम? मंग हे डबडं काऊन चालू हाये?"

मी मुकाट्याने उठतो आणि बटण बंद करतो.