विश्लेषण : साष्टीचा जुना छापील नकाशा लिलावात घेताना काय तपासावे?

पोर्तुगालने १६६१च्या विवाह करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. आपल्याला दाखवलेल्या नकाशात साष्टी आणि ठाणेही मुंबईतच होते, असा इंग्रजांचा दावा होता. पोर्तुगीजांनी तो मानला नाही. १६६५मध्ये हाती आले ते फक्त मुंबई बेट. आजची अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या साष्टीवर वसली आहेत, ती इंग्रजांना मिळायला १७७४ साल उजाडले, तेही मराठ्यांशी लढून. आपल्या घराखालच्या जमिनीचा हा नकाशा लिलावात दिसला की मोह होतोच. पण एक बोली लाखभर रुपयांना पडू शकते.

बाजारात काय येते?

जॉन फ्रायरच्या १६९८च्या प्रवासवर्णनातला नकाशा, अठराव्या शतकाच्या मध्यातला फ्रेंच नकाशाकार बेलँचा मुंबई व परिसराचा नकाशा, १७६३मध्ये मुंबईत आलेल्या कार्स्टन नीबुरच्या ग्रंथातला आराखडा, ही काही परिचित नावे. यातले बहुतेक नकाशे मुळात पुस्तकाची किंवा अॅटलासची पाने होती. मधली घडी त्याचीच खूण. घडी नसलेला, चकचकीत, कोऱ्या कागदावरचा नकाशा दिसला तर सावध व्हावे.

अस्सल कसा ओळखायचा?

त्या काळी नकाशा तांब्याच्या पत्र्यावर कोरून दाबयंत्रावर छापत. त्यामुळे चौकटीबाहेर पत्र्याच्या कडेचा दाब बोटाला लागतो. कागद उजेडासमोर धरला की साच्याच्या समांतर रेषा, कधी जलचिन्हही दिसते. भिंगाखाली रेषा ठिपक्यांची निघाली तर ती आधुनिक ऑफसेट छपाई. रंग मात्र फसवा असतो. तो अनेकदा नंतर भरलेला असतो. ही बनवेगिरी नव्हे, पण भावात फरक पडायला हवा. जुना तांब्याचा हिरवा रंग कागद खातो आणि मागे तपकिरी डाग उमटवतो. म्हणून ऑनलाइन बोलीआधी मागच्या बाजूचा आणि उजेडासमोर धरलेला फोटो मागावा. तो देण्यास टाळाटाळ झाली तर बोलीच लावू नये.

नकाशा आला कुठून?

सर्वात अवघड प्रश्न हाच. अमेरिकेतला नकाशाविक्रेता फोर्ब्ज स्मायली २००५मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पकडला गेला तो जमिनीवर पडलेल्या ब्लेडच्या पात्यामुळे. त्याने ९७ नकाशे चोरल्याची कबुली दिली. त्यातले बरेच प्रतिष्ठित संग्राहकांनी पैसे मोजून घेतलेले होते. सुटे पान कोणत्या प्रतीतून निघाले, आधी कोणाकडे होते, याची कागदपत्रे नसतील तर स्वस्ताई महागात पडते.

हातोडा पडल्यावर खर्च किती?

बोलीची रक्कम हे अंतिम बिल नसते. बड्या लिलावगृहांचा ‘बायर्स प्रीमियम’ २० ते २७ टक्क्यांच्या घरात असतो. म्हणजे एक लाखाच्या बोलीचे २५ टक्क्यांनी सव्वा लाख होतात. कर, विमा, वाहतूक वेगळी. परदेशातून मागवल्यास सीमाशुल्काचे वर्गीकरण आधीच विचारून घ्यावे.

पुन्हा विकता येईल?

देशात येईल, परदेशात जवळजवळ नाहीच. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते, आणि खासगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद. वस्तू कुठे बनली, याची अट त्या व्याख्येत नाही. त्यामुळे लंडनहून हौसेने आणलेला नकाशा तिकडेच नफ्यात विकण्याचा हिशेब आधीच सोडून द्यावा.

शिवाय मुंबईचा पावसाळा आहेच. दमट भिंतीवर काचेला चिकटवलेल्या कागदाला दोन-तीन वर्षांत बुरशी धरते. आम्लरहित माउंट आणि काचेपासून थोडे अंतर राखले तर तो टिकतो. केवळ पाहण्याची हौस असेल, तर फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये १८०४पासूनच्या एशियाटिक सोसायटीकडे जुन्या नकाशांचा मोठा संग्रह आहे. तिथे बोली लावावी लागत नाही.