प्रणयकादंबरीचा उंबरठा

मराठी समीक्षेला प्रणयकादंबरी भेटते ती बांधणी पूर्ण झालेल्या पुस्तकाच्या रूपात. ते पुस्तक छापखान्यापर्यंत कोणत्या वाटेने गेले, लेखकाला पहिला उंबरठा कोणी ओलांडू दिला आणि त्याबदल्यात काय मागितले, हे प्रश्न तिला वाङ्मयबाह्य वाटतात. या प्रश्नांना बगल देऊनच ‘रंजनपर’, ‘स्वप्नरंजनात्मक’, ‘साचेबंद’ ही विशेषणे निर्धास्तपणे वापरता येतात. साचा कोणी घडविला हे न पाहता त्यातून निघालेल्या मूर्तीला दोष देण्याचा हा प्रकार आहे.

या सवयीला प्रतिष्ठित पूर्वपीठिका आहे. वि. का. राजवाडे यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव यांचा जो विचार केला, त्याची छाया पुढील सर्व चर्चेवर पडली. भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या कृतींपासून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती दाखविल्या. नेमाड्यांच्या मांडणीला समाजेतिहासाची जाण आहे. अनुयायांनी मात्र तिचे तीन खण केले, आणि प्रणयकादंबरी ‘मुक्तामाला’च्या खणात टाकून तो बंद केला. प्रवृत्ती हे वर्णन आहे, कारण नव्हे. हा भेद विद्यापीठीय प्रबंधांतून पुसला गेला आहे.

कारणांकडे वळायचे तर ना. सी. फडके यांच्यापासून आरंभ करणे सोयीचे. त्यांची पहिली कथा ‘मेणाचा ठसा’ १९१२ साली ‘केरळकोकिळ’मध्ये छापली गेली. पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ १९१७ ची. ती मेरी कॉरेली या लोकप्रिय इंग्रज लेखिकेच्या ‘टेम्पोरल पॉवर’वर आधारलेली. ज्यांना पुढे मराठी प्रणयकादंबरीचे आद्य कारागीर मानले गेले, ते कादंबरीच्या दालनात शिरले ते परकीय कथानकाचे बोट धरून. ‘कुलाब्याची दांडी’ यायला १९२५ साल उजाडावे लागले. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात त्यांनी जे तंत्र शास्त्र म्हणून मांडले, त्यातील उत्कंठेची, कथानकाच्या बांधणीची आणि वाचकाला शेवटपर्यंत धरून ठेवण्याची चिंता निव्वळ सौंदर्यशास्त्रातून उपजली, असे मानणे भोळेपणाचे होईल. मासिकाच्या पानांवर आणि लोकप्रिय इंग्रजी कादंबरीच्या सहवासात ज्याची उमेदवारी झाली, त्या लेखकाचे ते अनुभवसिद्ध ज्ञान होते. समीक्षेने ‘कलेसाठी कला’ या वादात ते ओढले आणि त्याचे व्यावहारिक मूळ दृष्टीआड केले.

फडके १९४० च्या रत्नागिरी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच १९६२ साली ‘रंभा’ या मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ छापून आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयात गेली. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९६९ मध्ये त्यांना निर्दोष ठरविले. एका कवीच्या आयुष्यात येणाऱ्या स्त्रियांची ती कहाणी न्यायमूर्तींनी समग्रतेने वाचली, तिचा गोषवारा निकालपत्रात दिला, आक्षेपार्ह म्हटलेले उतारे त्यांच्या संदर्भात ठेवले, आणि समाजाची मानके बदलत असतात याचे भान राखले. कृती अखंड वाचावी आणि तिचा वाचक कोण हे विचारावे, हे समीक्षेचे प्राथमिक काम. ‘श्यामा’च्या बाबतीत ते न्यायासनाला करावे लागले. फडक्यांच्या पहिल्या छापील कथेचे नाव आणि साल वाङ्मयेतिहास सांगतो. काकोडकरांची नोंद कायद्याच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असते. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट त्याच १९६९ साली देशभर गेला, ही गोष्टही मराठीच्या अभ्यासकाला मराठी विभागात क्वचितच ऐकायला मिळते.

येथे कोणी म्हणेल की फडके आणि काकोडकर यांच्या गुणवत्तेत अंतर आहे, आणि प्रकाशनाचा इतिहास मूल्याची जागा घेऊ शकत नाही. आक्षेप रास्त आहे; परंतु तो नेम चुकतो. अंतर असेल तर ते संहितांच्या तौलनिक वाचनाने सिद्ध करावे लागेल. आजवर ते गृहीत धरले गेले, आणि गृहीताला आधार दिला तो उंबरठ्याने. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने मासिकात लिहिलेली प्रेमकथा ‘ललितरम्य’ ठरते. दिवाळी अंकात संपूर्ण कादंबरी देणाऱ्या व्यावसायिकाची प्रेमकथा ‘सवंग’ ठरते. हा निवाडा अभिरुचीच्या भाषेत दिलेला असला तरी मुळात तो प्रतिष्ठेचा निवाडा आहे.

याच्या उलट टोकाला अलीकडचा दुसरा पंथ उभा आहे. तो म्हणतो, लोकांना आवडते ते लोकांचे. त्यात दोष काढणे हा अभिजनांचा अहंकार. हाही आळसच. जॅनिस रॅडवे यांच्या ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या ग्रंथाचा हवाला हा पंथ मोठ्या हौसेने देतो. पण रॅडवे आपल्या विवेचनाची सुरुवात वाचक स्त्रियांच्या आनंदापासून करीत नाहीत, प्रकाशनव्यवसायाच्या रचनेपासून करतात, हे सोयीस्करपणे विसरतो. पुस्तक कोणत्या आकारात, कोणत्या दुकानात, किती नियमाने उपलब्ध होते, हे कळल्यावाचून ‘आवड’ या शब्दाला अर्थ येत नाही. मराठीत तर प्रणयकादंबरीचा ग्राहक बहुधा वर्गणीदार होता, खरेदीदार नव्हता. वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तक बदलून नेणारी गृहिणी आणि अनुदानातून खरेदी करणारा कार्यवाह या दोघांच्या मध्ये ही कादंबरी घडली. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाचा कादंबरीच्या रूपावर काय परिणाम झाला, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राचा म्हणून सोडून देता येणार नाही.

हा विषय मराठवाड्यात, विशेषतः उदगीरसारख्या गावी, अधिक टोकदार होतो. १९५६ पर्यंत उदगीर हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होते; पुढे उस्मानाबाद आणि १९८२ पासून लातूर. निजामी अमदानीत उच्चशिक्षण उर्दूतून, आणि मराठी पुस्तक येणार ते पुण्या-मुंबईहून. अशा गावातून प्रेमकथा लिहू पाहणाऱ्याला पहिली छपाई मिळवायची तर ती परगावच्या संपादकाच्या कल्पनेतील नायक-नायिकांना आपल्या हस्तलिखितात जागा देऊनच. या कादंबऱ्यांतील बंगले, टेकड्या, टेनिसची मैदाने यांना ‘पलायनवाद’ म्हणून हिणविले गेले. त्यांच्याकडे प्रवेशशुल्क म्हणून पाहिले, तर तालुक्याच्या गावची गल्ली, तिथली दख्खनी आणि मराठी यांची सरमिसळ, जातीच्या भिंतीआडचे प्रेम छापील पानावर इतक्या उशिरा का आले याचे एक उत्तर हाती लागते. हे शुल्क भरण्यास नकार देणारे लेखक ग्रामीण आणि दलित साहित्याच्या वाटेने आले, व समीक्षेने त्यांची योग्य दखल घेतली. ते भरणाऱ्यांचे काय झाले, हे मात्र कोणी विचारले नाही.

एप्रिल २०२२ मध्ये उदगीरच्या महाराष्ट्र उदयगिरी महाविद्यालयाच्या परिसरात ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली भरले. सीमाभागातील या गावाला मिळालेला तो मान मोठा होता. परंतु संमेलने येतात आणि जातात. पुरावा हळूहळू, आवाज न करता नष्ट होतो. दिवाळी अंक रद्दीत जातात. बांधणी सुटलेल्या कादंबऱ्या वाचनालयाच्या दप्तरातून ‘बाद’ होतात, आणि त्यांच्याबरोबर मुखपृष्ठाच्या आतील चिठ्ठीवरचे तारखांचे शिक्केही जातात. ती चिठ्ठी म्हणजे मराठी वाचकाने स्वतः लिहिलेली एकमेव समीक्षा होय. नांदेड, लातूर, उदगीर येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पुन्हा एकदा ‘फडक्यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रण’ हा विषय देण्यापेक्षा गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे उघडायला लावावेत. प्रणयकादंबरी थोर की टाकाऊ, हा निर्णय त्यानंतरही देता येईल, आणि तो कदाचित कठोरच असेल. पण तेव्हा तो वाचून दिलेला असेल.